हातमोज्यांचं सोवळं

तीर्थरूप आईस,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा दुखतो, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे. गोड मानून घे.)

काल मी उष्टं खाल्लं.

हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. भुवया वर, ओठ घट्ट, आणि मग तुझं ते ठेवणीतलं, "बरं. अजून काय काय बुडवायचं राहिलंय?" थांब, आई. सगळं वाच आणि मग रागव. तू गेलीस त्याला आता पाच वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या काळात तुला कळवण्यासारखी धड बातमी माझ्याकडे नव्हती. ती काल झाली, म्हणून आज लिहायला बसलो. जिथे आहेस तिथे चष्मा मिळाला असेल अशी आशा आहे.

तुझं सोवळं मला वर्णमालेच्या आधी पाठ झालं. पहाटेची अंघोळ, काठीने उंच दांडीवर टाकलेलं लुगडं, आणि "लांब हो, शिवशील!" ही माझी भूपाळी. वाढदिवसाचा नमस्कारसुद्धा मी चार फुटांवरून करायचो आणि आशीर्वाद हवेतून यायचा. पण नऊ वाजले की तू सोवळं सोडायचीस, पाचवारी नेसायचीस, डबा पिशवीत टाकायचीस आणि साडेनऊच्या बसमध्ये अनोळखी माणसांना खेटून पोस्टात जायचीस. तिथे दिवसभर काय करायचीस? जगाने जीभ लावून चिकटवलेल्या तिकिटांवर शिक्के मारायचीस! मी तुला किती चिडवायचो, आठवतं? "आई, ती तिकिटं उष्टी नाहीत का गं?" तू म्हणायचीस, "सरकारी उष्टं चालतं."

कॉलेजात संस्कृत घेतल्यावर तर मला शिंगंच फुटली. रोज जेवताना तुझ्या सोवळ्यावर माझं प्रवचन. आणि मंगलच्या कपावरून झालेलं ते मोठं भांडण! मंगल तेव्हा नवी नवरी होती, आपल्याकडे धुण्याभांड्याला नुकतीच यायला लागली होती. तिचा टवका उडालेला कप तू खिडकीत वेगळा ठेवायचीस. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी तू काही न बोलता तो कप आपल्या कपांबरोबर फळीवर ठेवलास. केवढा जिंकलो होतो मी! पुढे तीस वर्षं हा किस्सा मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगितला. वर्गात टाळ्या मिळायच्या.

आता पुढचं ऐक. तो कप खिडकीत परत कुणी ठेवला?

मी.

साथ आली, तेव्हा तू ब्याऐंशीची होतीस. आपल्या इमारतीतली दोन माणसं आठवड्याच्या अंतराने गेली आणि माझ्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली: तुला काही होता कामा नये. मग मी सुरू केलं. भाजी दोनदा धुणं, दूध पिशवीसकट धुणं, वर्तमानपत्राला इस्त्री. (हसू नकोस, इस्त्री बरेचजण करत होते.) बाहेरून आलो की अंघोळ, अंघोळीनंतर नळ धुणं, आणि नळ धुतल्यावर हात. दाराबाहेर मी स्वहस्ते पाटी लावली: "घंटा कोपराने दाबावी. दाबून दोन पावले मागे उभे राहावे. आपण मागे गेल्याशिवाय दार उघडले जाणार नाही."

आणि तुला मी हात लावायचो तो हातमोजे घालून. तुझी नखं कापली हातमोजे घालून. वेणी घातली हातमोजे घालून, तीही वाकडी. एकदा तू खुर्चीत बसल्या बसल्या मान वळवून म्हणालीस, "श्रीपू, एक विचारू? आपल्या दोघांत ओवळं नक्की कोण रे, तू का मी?"

मी वेणीला रबर लावलं आणि हातमोजे उकळायला टाकले.

दुसऱ्या वर्षी संकष्टीच्या सकाळी तू झोपेतच गेलीस. वय झालं होतं, हृदय थकलं होतं. तो आजार तुला शिवलाही नाही. माझी खबरदारी पूर्ण यशस्वी झाली, आई. हे वाक्य मी पुढे पुष्कळ महिने लोकांना अभिमानाने ऐकवायचो. लोक मान हलवायचे. तुझी सून सुलभा मात्र उठून स्वयंपाकघरात जायची.

नंतर साथ ओसरली. लोकांनी मास्क काढले, लग्नं लावली, हॉटेलांसमोर रांगा लावल्या. माझं मात्र थांबेना. आधी वाटायचं, आणखी महिनाभर. मग वाटायचं, दिवाळीपर्यंत. तू नव्हतीस, तरी मी तुला जपतच होतो! शाळेतल्या मुलांच्या वह्या मी तपासण्याआधी दिवसभर गॅलरीत उन्हात मांडून ठेवायचो. समोरच्या इमारतीतल्या काकूंना वाटलं, आम्ही पापड घातलेत. त्यांनी सुलभाला विचारलंसुद्धा, "उडदाचे का पोह्याचे?"

हाताची कातडी फाटायला लागली. थंडीत बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. शाळेत सांगितलं, खडूची अ‍ॅलर्जी आहे.

आणि गंमत बघ. कुणालाही संशय आला नाही! उलट कौतुक झालं. वरच्या मजल्यावरचे करंदीकर जिन्यात मला म्हणाले, "वा सर! तरुणपणी एवढे उड्या मारायचात, शेवटी आईच्याच वळणावर गेलात." मी संस्कृतचा शिक्षक, त्यामुळे माझं प्रत्येक हात धुणं लोकांना आचार वाटलं. मीही त्यांना निराश केलं नाही, लागेल तसा शास्त्राधार पुरवत गेलो. संस्कृत शिकलेल्या माणसाचं हे एक बरं असतं, आपल्या कुठल्याही वेडेपणाला दोन हजार वर्षांची परंपरा आहे असं तो ठणकावून सांगू शकतो. आणि ती दारावरची पाटी? सदाशिव पेठेत तसल्या पाटीने कुणाची भुवईही हलत नाही. दुसऱ्या गावात असतो तर माझं दुखणं आठवड्यात पकडलं गेलं असतं. इथे ते शिस्तीत खपून गेलं.

घरात खपलं नाही. सुलभा कमी बोलायला लागली. तिच्या बहिणीने आमच्याकडे येणं बंद केलं. मंगल रोज खिडकीतला तो कप उचलायची, चहा प्यायची, कप विसळून परत खिडकीत ठेवायची, आणि माझ्याकडे बघायची नाही.

गेल्या वर्षी मुक्ताला दिवस गेले. तुझी नात! पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सुलभाने मऊ जुनी लुगडी काढून दुपटी शिवली, त्यात तुझं जांभळंही होतं. सातव्या महिन्यात मुक्ताचा फोन आला. सुलभाने तो स्पीकरवर ठेवला, कारण फोन कानाला लावणं माझ्या नियमांत बसत नव्हतं.

"बाबा, मी बाळंतपणाला वारज्यालाच थांबतेय. सासूबाईंकडे."

"का? इथे काय कमी आहे?"

"काही कमी नाही, जास्तच आहे. खरं सांगा, बाळाला कुणी, कधी आणि कसा हात लावायचा, याची यादी तुम्ही भिंतीवर लावणार होतात की नाही?"

माझी नजर टेबलाच्या खणाकडे गेली, आई. कारण यादी तयार होती. सुवाच्य अक्षरात, अकरा कलमं. बाळाच्या आईचं नाव त्यात चौथ्या कलमात होतं.

मुक्ता म्हणाली, "मला भांडायचं नाहीये. पण तुम्ही आजीला वर्षभर हात लावला नाहीत. माझ्या बाळाला ते नको." आणि तिने फोन ठेवला.

सुलभाने दुपटं बाजूला ठेवलं. म्हणाली, "तिचं बरोबर आहे." एवढंच. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याविरुद्ध इतकं छोटं वाक्य कधी वापरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी आपल्याच पेठेतल्या एका मानसोपचाराच्या दवाखान्याचा जिना चढलो. कठड्याला हात न लावता, अर्थातच. वर प्रतीक्षाकक्षात कोण बसलं असावं? करंदीकर! आम्ही दोघंही दचकलो. ते घाईघाईने म्हणाले, "हिला घेऊन आलोय. झोप येत नाही हिला." मी म्हणालो, "मीपण हिलाच." मग आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. दोघांच्याही बायका घरी होत्या.

जरा वेळाने करंदीकरांनीच खिशातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. बोटाला लावून प्राणवायू मोजायचं ते छोटं यंत्र. "सर, अजून रोज लावतो मी," ते खालमानेने म्हणाले. "आकडा बघितल्याशिवाय डोळाच लागत नाही. आकडा चांगलाच असतो हो! पण बघावा लागतो." जिन्यात मला शाबासकी देणारा माणूस हा. एवढी वर्षं एका जिन्याने चढतोय-उतरतोय, आणि एकमेकांना विचारायचं काय, तर "पाणी आलं का?"

डॉक्टर म्हणजे मुक्ताच्या वयाची मुलगी. मी तिला शौच आणि आचार यांवर वीसेक मिनिटं व्याख्यान दिलं. तुझ्या सोवळ्याचं सगळं वर्णन केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, स्वच्छतेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला फक्त एक सांगा, आईंचं सोवळं किती वाजता संपायचं?"

"नऊला. साडेनऊची बस असायची."

"आणि तुमचं?"

आई, एवढी वर्षं मी पोरांना प्रश्न विचारून गप्प केलं. त्या दिवशी मी गप्प झालो. तुझ्या सोवळ्याला सुटी व्हायची! तू ते नेसायचीस आणि सोडायचीस. मी तुला जन्मभर हसलो, आणि माझं मला सोडताच येत नव्हतं. तिने त्याला एक साधं नाव दिलं, आजार. म्हणाली, साथीनंतर अशी बरीच माणसं येतात, कुणाला गर्दी सोसत नाही, कुणाला खोकला ऐकला की घाम फुटतो. आजार म्हटल्यावर मला रडूच आलं, आणि मग फार बरं वाटलं. आचार बदलणारा मी कोण? पण आजार बरा करता येतो.

तिने एक गोळी दिली आणि गृहपाठ दिला. मला, गृहपाठ! दाराच्या कडीला हात लावायचा, आणि धुवायचा नाही. घड्याळ बघत बसायचं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. तुला खोटं कशाला सांगू, त्या पाच मिनिटांत छातीवर कुणीतरी पाटा ठेवून वाटण वाटत होतं. सुलभा शेजारी गवार निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "झाली चार मिनिटं. कडी अजून जिवंत आहे." पाच वर्षांत तिने माझ्याशी केलेला तो पहिला विनोद.

पाचाची दहा झाली, दहाची तीस. पाटी उतरवली, यादी फाडली. (तुझी पणती, म्हणजे मुक्ताची मुलगी, तोवर झाली होती. मी तिला बारशाला दारातूनच पाहिलं. नाव मिहिका. जावयांनी मोबाईलवर शोधलं, मी कोशात पडताळलं. अर्थ धुकं. बरोबर आहे, दुरून तशीच दिसली.)

मग कपाचा गृहपाठ आला. एके सकाळी मी मंगलचा कप खिडकीतून उचलला, इतरांबरोबर धुतला आणि चहा स्वतः ओतला. गंमत म्हणजे माझा बेत असा होता की, कुठला कप कुणाचा ते मलाच कळू नये. मी डोळे मिटून ट्रे फिरवला, एक उचलला आणि तसाच प्यायला लागलो.

मंगल दारात उभी होती. "दादा, त्यो तुमच्या हातातला हाय ना, त्योच माझा."

"कशावरून?"

"आता! येवढी वर्सं त्यातच पिते. वळखू येनार न्हाई व्हय?"

मी कप खाली ठेवला नाही. संपवला. मग म्हणालो, "मंगल, चुकलं माझं. फार चुकलं."

ती पदराने ओटा पुसत राहिली. पुसता पुसताच म्हणाली, "बाईंनी कप फळीवर ठिवला, पन बोलल्या काय न्हाईत. तुमी उशिरा का हुईना, तोंडानं बोलला." आणि मग, "साखर कमी पडलीय. उद्यापास्नं च्या मीच करते."

हे तुला मुद्दाम लिहिलं, आई. तुझ्या वाटचं बोलायचं राहिलं होतं, ते तुझ्या वतीने मी त्याच दिवशी उरकून टाकलं. रागावू नकोस.

आणि काल उष्टावण होतं. मिहिकाचा पहिला घास. खरा मान मामाचा, पण मुक्ताला भाऊ नाही, तेव्हा आजोबांवर आलं. वारज्याला मुक्ताच्या सासरी वीस-पंचवीस माणसं. मुक्ताच्या सासूबाई वर्ध्याकडच्या, मोठ्या मायेच्या. मी दाराशी घुटमळलो तर म्हणाल्या, "अहो भाऊ, तिथं काय उभे राहून राहिले? आत या ना! जा, हात धुऊन या, म्हणजे पोरीला घास द्या."

हात धुऊन या!

 त्या बिचारीला आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं. सुलभाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मुक्ता बाळाला घेऊन उभी होती, ती बाळाला जरा घट्ट धरून भिंतीकडे सरकली. मी मोरीकडे गेलो, दार लोटलं आणि नळ सोडला. साबण लावला, हात धुतले. मग तिथे तसाच उभा राहिलो. नळ बंद करायचा, तर नळाला हात लावायला हवा. नळाला हात लावला, तर...

तेवढ्यात आठवलं. साडेनऊची बस.

नळ बंद केला आणि बाहेर आलो. एकदाच धुऊन. मुक्ता बघत होती. तिने मिहिकाला माझ्या मांडीवर ठेवलं. आई, किती ऊबदार असतं गं बाळ! दुरून ते कळत नाही.

चांदीच्या वाटीतली खीर मी बोटाने तिच्या जिभेला लावली. तिने मान्यवर समीक्षकासारखं तोंड वाकडं केलं, निम्मी खीर हनुवटीवर काढली, मग तीच खीर मुठीत गोळा केली, आणि ती मूठ थेट माझ्या तोंडात घातली. कोपरापर्यंत म्हटलं तरी चालेल.

 जावयांनी फोटो काढायला धरलेला मोबाईल तसाच हवेत राहिला.

मी गिळलं.

"गोड जरा जास्त झाली," मी म्हणालो.

"साखर टाकलीच नाही जी त्यात," सासूबाई ओरडल्या, "नुसता खजूर आहे!" आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले, जसं काही विजेचं बटण कुणी दाबलं. मुक्ता माझ्याजवळ वाकली. "बाबा, धुवायचंय का?"

"धुईन की. जेवण झाल्यावर. लोक धुतात तसे."

तिने तोंड फिरवलं. डोळ्यांत काय होतं ते मी पाहिलं नाही, पाहायला परवानगी नव्हती. मग नाक ओढत म्हणाली, "आईला सांगा दुपटी काढून ठेवायला. सोमवारी येतोय आम्ही. महिनाभर."

मिहिकाने माझा अंगठा धरला होता, तो सोडला नाही. आणि तेव्हा मला ती दुपार आठवली, जी मी डॉक्टरला सांगितली नाही, सुलभाला सांगितली नाही.

तू जाण्याआधीचा आठवडा. तू पलंगावर पडली होतीस, मी औषध घेऊन चार फुटांवर उभा. तू हात पुढे केलास. तळहात वर, बोटं जराशी उघडी. आणि मी, संस्कृतचा पंडित, शब्दांचे सतरा अर्थ सांगणारा, त्या हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब घातले! तू क्षणभर पाहिलंस. मग हसलीस, हात चोळलेस आणि म्हणालीस, "बरं झालं. तीर्थ मिळालं." तुला हात धरायचा होता. मला ते तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं. तू का नाही गं म्हणालीस? एकदा ओरडायचंस! मंगलच्या कपावर मी दोन दिवस उपाशी राहिलो होतो, तू माझ्यावर एक वाक्य तरी खर्च करायचंस.

की तुला कळलं होतं की ही माझी भीतीच आहे, आणि ती तू तीर्थ म्हणून घेतलीस?

मी पूर्ण बरा झालेलो नाही. आज सकाळीही कडीला हात लावल्यावर मनाने मोजायला सुरुवात केली. पण मोजता मोजता चहा आला आणि आकडा विसरलो. करंदीकर आता एक दिवसाआड यंत्र लावतात, आम्ही जिन्यात एकमेकांना त्याची प्रगती सांगतो. दारावर नवी पाटी लावली आहे, तीही स्वहस्ते: "घंटा बंद आहे. दार ढकलावे." सुलभा म्हणते, आपल्या पेठेच्या मानाने ही फारच लाडीगोडी झाली.

सोमवारची तयारी चालू आहे. तुझं जांभळं दुपटं उन्हात घातलंय. केवळ हवा लागावी म्हणून. खरंच.

एक वचन देतो, आणि हे नमस्कारासारखं मनातल्या मनात नाही. यापुढे माझ्यासमोर कुणी हात पुढे केला, ओला, खरकटा, खिरीने माखलेला, कसलाही असो, तर त्यात मी हातच ठेवीन.

तुझा ओवळा,
श्रीपू